गौळणीतली म्हैस

हसायचंय ना? हसा. पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मी जी माती खाल्लीय ती ऐकताना आमच्या बिल्डिंगमधल्या एकीच्या नाकातून चहा आलेला. मग मला बोलायचं नाही.

त्याआधी माझं एक मत ऐकून घ्या. ते बिनवायरचे इअरबड वापरणारी माणसं मला अजिबात सहन होत नाहीत. कानात लवंगा खोचल्यासारखं काय ते ध्यान! वरून आम्हालाच विचारणार, "अय्या, तुम्ही अजून वायर वापरता?" हो, वापरते! वायर काय चावते का? आमच्या ऑफिसातल्या एकीचा डावा कान माजिवड्याच्या पुलाखाली गटारात पडला. आता ती बाई एका कानाने मीटिंग करते. माझे इअरफोन पडून दाखवा बरं!

आणि ऐकायचं म्हणाल तर यांना काय हवं असतं? नुसता बास! धडाम धुडूम! यांना गाणं नकोच असतं, गणपतीची मिरवणूक हवी असते कानात.

माझे बघा. मेटलची बॉडी, वायर कानावरून मागे वळवून घ्यायची, सोबत तीन मापांच्या रबरी टोप्या. आपल्या कानाच्या मापाची टोपी बसली की बाहेरचं जग बंद. कुकरची शिट्टी नाही, नवऱ्याची हाक नाही, काही नाही. आणि आवाज इतका स्वच्छ की तबलजीचं बोट कुठे पडलं ते कळतं. आता हल्लीच्या फोनला वायर खुपसायला भोकच नसतं, म्हणून मध्ये एक शेपटी लावावी लागते. ते भोक काढायची अक्कल ज्याला सुचली त्याचं तोंड मला एकदा बघायचंय.

तर, आमच्या सासूबाईंचं भजनी मंडळ आहे. बाळकुमला आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या सहा बायका. आई पेटीवर, गावडे काकू ढोलकीवर, शिंदे काकू टाळ वाजवतात, बाकीच्या मागे गातात. कल्याणला एक मोठी भजन स्पर्धा होती. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, ते पसंत पडलं तरच स्टेजवर. मागच्या खेपेला यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणाचातरी मिक्सर घरघरला आणि यांचा नंबर गेला. आईंनी आठवडाभर तो मिक्सर मनाला लावून घेतलेला. एकदा तरी खऱ्या स्टेजवर गायचं, एवढीच त्यांची इच्छा हो.

म्हणून यंदा आईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पाठवायच्या आधी आमची सुजाता ऐकेल. तिचे कान फार तयार आहेत."

झालं! मी आधीच हरभऱ्याच्या झाडावर, त्यात आईंनी शिडी लावली.

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये गौळण रेकॉर्ड झाली. संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. मी फोन घेतला, बेडरूममध्ये गेले, दार लावलं, टोप्या कानात दाबून बसवल्या, डोळे मिटले. गौळण तशी पाठच होती मला, आई रोज सकाळी भाजी चिरताना तीच म्हणतात. आणि ऐकते तर काय! सगळ्यांच्या आवाजाखाली एक जाडा, घोगरा, बेसूर आवाज. हूंऽऽ हूंऽऽ!

मी बाहेर आले. "छान झालंय. पण मागे एक म्हैस हंबरतेय."

"काय?" गावडे काकूंच्या हातातला वडा हातातच राहिला.

"कुणीतरी बेसूर गातंय. अगदी खालच्या पट्टीत."

त्यांनी फोनच्या स्पीकरवर लावून ऐकलं. "आम्हाला तर नाही ऐकू येत गं."

"स्पीकरवर? काकू, तो काय स्पीकर आहे? डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा तो आवाज. त्यात म्हैस काय, हत्ती पण नाही सापडायचा!"

माझा नवरा नितीन उठला, म्हणाला, "दे इकडे." त्याने माझे इअरफोन लावून ऐकलं. "नाही बाबा. मस्त आहे."

"तुला टोपी नीट बसलेली नाही. आणि बसली असती तरी तुला कळलं नसतं. तू मिसळीच्या गाडीवरचं गाणं एन्जॉय करतोस."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मी, माझी जीभ झडो, म्हटलं, "शिंदे काकू, तुमचा आवाज जरा जाड आहे ना?"

शिंदे काकूंनी टाळ खाली ठेवले. "माझ्यामुळे अडत असेल तर मी गप्प बसते हो." गप्प कसल्या बसतायत, डोळ्याला पदर लावून घरीच गेल्या.

त्यांच्याशिवाय पुन्हा रेकॉर्डिंग. मी आत, दार बंद, डोळे बंद. म्हैस हजर!

"गावडे काकू, तुम्ही ढोलकी वाजवताना हुंकार देता का?"

"मी? मी काय अंगात आल्यासारखी हुंकार देईन?" काकू ढोलकी काखेत मारून निघाल्या. उरलेल्या तिघी म्हणाल्या, आमच्यावर आळ यायच्या आधी आम्हीच जातो बाई. जाताना वड्यांची प्लेटही घेऊन गेल्या, त्यांचीच होती.

राहिल्या आई. एकट्या गायल्या. म्हैस! मी म्हटलं, पेटीचा दोष असेल, पेटीशिवाय म्हणा. बिचाऱ्या तशाही म्हणाल्या. आत जाऊन ऐकलं, तर म्हैस जास्तच मोकळेपणाने हंबरतेय!

आता काय सांगायचं? मी खाली मान घालून म्हटलं, "आई, मग... तुम्हीच."

आईंनी पेटीचं झाकण लावलं. "राहू दे मग. नका पाठवू," एवढंच बोलल्या आणि गॅलरीत जाऊन बसल्या.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांचं मंडळ एका दुपारीत उठवलं मी. नितीन तर माझ्याकडे बघतही नव्हता. पण मनात म्हटलं, सूर म्हणजे सूर! लोकांना चांगलं ऐकायची सवयच नाही, त्याला मी काय करू? एकदा शेवटची खात्री करावी म्हणून मी परत बेडरूममध्ये जाऊन गौळण पुन्हा पुन्हा लावून बसले.

आता यापुढचं मला नंतर कळलं. शिंदे काकूंची टाळांची पिशवी आमच्या बेडरूममध्ये राहिलेली. ती न्यायला त्या आल्या, दार लोटलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. मला काय कळणार? टोप्या कानात, डोळे बंद! त्यांनी हळूच आईंना बोलावलं. मग फोन करून बाकीच्यांना.

मी डोळे उघडले तेव्हा पलंगाभोवती अख्खं मंडळ उभं. एकेकीच्या तोंडात पदर.

मी इअरफोन काढले. "काय झालं?"

"काही नाही, बाळा. हे बघ," म्हणत शिंदे काकूंनी आपला फोन माझ्यासमोर धरला. व्हिडिओ होता. त्यातून तोच घोगरा, बेसूर आवाज. हूंऽऽ हूंऽऽ!

"हाच!" मी ओरडले. "हाच तो! बघा, आता तुमच्या फोनवरही आला की नाही? शी! कोण आहे ही बाई?"

मग मी स्क्रीनकडे नीट बघितलं. पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून, कानात वायर लावून, मान डोलावत मी बसलेली. आणि हंबरत होते.

कळलं ना? कान असे घट्ट बुजले की आपलंच गुणगुणणं डोक्यात घुमतं, आणि वाटतं गाण्यातच आहे! इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते, माझ्या इअरफोनवर असे बारीक आवाज येतात जे तुम्हाला ऐकूच येत नाहीत. कुठून येणार? ते माझ्या नरड्यातून येत होते!

"आई, मी..."

आईंनी माझ्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "चला गं, ते पहिलंच पाठवू या. आणि सुजाता, तू जरा खाली जाऊन ये. कोथिंबीर आण."

"आहे ना कोथिंबीर."

"अजून आण."

मी शिंदे काकूंचे पाय धरले, गावडे काकूंचे धरले, आणि गेले कोथिंबीर आणायला. तेवढ्यात पहिलं रेकॉर्डिंग, सगळ्यांचं, जसंच्या तसं पाठवलं गेलं. आणि निवडलं गेलं! आई कल्याणला स्टेजवर गायल्या. मी शेवटच्या रांगेत, तोंडावर रुमाल धरून.

आता कॉम्प्लेक्समध्ये कोणीही विचारा, मंडळाचा इतिहास सांगतील. इतक्या वर्षांत बेसूर म्हणून एकाच बाईला मंडळातून काढलंय. आणि ती बाई मंडळात कधी नव्हतीच.