बुटके म्हणून लावलेले बावीस माड

नर्सरीवाल्याने मला फसवले. तोंडातून एकही खोटा शब्द न काढता फसवले, म्हणून तो आजही गावात सज्जन म्हणून मिरवतो.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ हातगाडीवर शहाळी विकून मी वर आलो. शहाळे नुसते हातात घेऊन आत पाणी किती आणि मलई किती ते मी सांगतो. पुढे खाडीजवळ रेताड जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा एकच हौस होती: आयुष्यभर दुसऱ्यांच्या माडाची शहाळी विकली, आता आपल्या माडाचे शहाळे जमिनीवर उभे राहून आपल्या हाताने काढायचे. चढायला माणूस मिळत नाही हेही होतेच. आमच्या वाडीत माडावर चढणारा पाडेली एकच उरला होता, आणि त्याचे दोन्ही मुलगे लोट्याला कंपनीत. तिथे जिना असतो.

म्हणून मी केशरी शहाळ्यांचे बुटके माड मागितले. नर्सरीवाल्याने मला मागच्या वाफ्याकडे नेले. रोपे बारीक, देठ पिवळट-केशरी.

"कावीळ झालेली रोपं देतोस होय रे मला?" मी म्हणालो.

"शेठ, ही अशीच..."

"शिकवू नकोस. पुढच्या वाफ्यात ती काय आहेत?"

पुढच्या वाफ्यात हिरवीगार, मनगटाएवढ्या बुंध्याची, माझ्या कमरेला लागणारी रोपे होती. मी त्याच भावात तीच मागितली. वर वीस रोपांवर दोन फुकट मागितली. तो दोनदा नाही म्हणाला, मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्हाला हवी ती उचला." मी एकेक रोप स्वतः निवडले. घरी येताना टेम्पोत शीळ घालत होतो.

कमरेएवढे खड्डे खणले. तळाला राख, खडेमीठ, शेणखत घातले. उन्हाळ्यात आळी भरून शिंपण केले, कोंबात शिरलेले गेंड्या भुंगे तारेने उपसून काढले. पोटच्या पोराचे कोणी एवढे करत नाही. बुटका माड चौथ्या वर्षी फुलतो म्हणून चौथ्या वर्षी मी रोज फुलोऱ्याची पोय शोधायचो. पाडेलीमामा सहज आले होते, त्यांनी एक झावळी वाकवून देठ बघितला.

"शेठ, हा बाणवली. आपला गावठी उंच माड. केशरी बुटक्याचा देठ रोपातच केशरी दिसतो. तुम्ही बघितलात नाय?"

बघितला होता. कावीळ म्हणून नाकारला होता.

त्याच पावली नर्सरी गाठली.

"मी बुटके मागितले होते ना?"

"मागितलेत. उचललेत दुसरे."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, शिकवू नकोस."

वर हसला. बाणवली ऐंशी वर्षे फळतो, तुमच्या नातवंडांची सोय झाली, असेही म्हणाला. माझ्या नातवंडांची एवढी काळजी मला स्वतःलाही नाही.

आज दहा वर्षांनी बावीसही माड घराच्या कौलांच्या वर गेलेत आणि बेशरमासारखे फळतात. तोडावे म्हटले तर बायको आडवी येते. फळता माड तोडायचा नसतो, तो कल्पवृक्ष आहे. खरेच आहे. झावळ्यांनी मांडव होतो, हिरांचे खराटे होतात, नारळाची सोडणे चुलीत जळतात. जे जे खाली पडते ते सगळे मिळते. शहाळे मात्र आपण होऊन खाली पडत नाही, आणि पाडेलीमामांचे गुडघे आता गेले.

परवा मी बांबूला कोयती बांधून खालून शहाळ्यांची पेंड ओढत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, फुकटातले दोन तर सगळ्यांत उंच गेलेत हो!"

रोपे मी निवडली, मान्य. घासाघीस केली, तोही माझा धंदाच आहे. पण गिऱ्हाईक डोळ्यांदेखत चुकीचे रोप उचलते आहे हे ज्याला कळते, त्याने एकदा "शिकवू नकोस" ऐकले की गप्प बसायचे? मला शहाळ्यांतले जून झालेले कळले की मी गिऱ्हाईक ओरडत असले तरी ते बाजूला काढतो. तो दुसऱ्यांदा का बोलला नाही? याचे उत्तर मला नर्सरीत बसून नको. त्याने इथे यावे, माझ्यासमोर माडावर चढावे, आणि वरून द्यावे.