राजा कुठं चुकतो

त्या दुपारी सरू, माझी बायको, रेशनची तांबडी मिलो ज्वारी सुपात पाखडत होती आणि मी तिच्यापुढं राजाचं भाषण म्हणत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. बहात्तरच्या दुष्काळातही पारनेरकडच्या आमच्या गावानं जत्रेचं नाटक सोडलं नव्हतं, आणि राजा दरसाल मीच.

हा राजा भर दरबारात थोरल्या मुलाला हाकलतो. राणी पाया पडते, पण तो शब्द मागं घेत नाही. शेवटी मुलगाही जातो आणि राज्यही.

सरूला अक्षर येत नव्हतं, पण तालमी ऐकून सगळ्यांचं सगळं पाठ. मी अडलो की सूप न थांबवता पुढचं वाक्य सांगायची, वर टोमणा. "मिशी लावली म्हंजी राजा व्हत न्हाई. जरा रडा की!"

नाटक बघून लोक म्हणायचे, दैवच वाईट. तिला ते पटायचं नाही. "दैवाला कशाला नावं ठिवता? मानूस लाखाचा हाय, म्हनून तर वाईट वाटतं. हलकट असता तर कोन रडलं असतं? त्याला समदं कळतंय वो, पर चारचौघांत 'चुकलो' म्हनवत न्हाई. तितंच मरतोय."

मी हसलो. तिनं सूप खाली ठेवलं.

"आन तुमी? सुरुंगवाला काय म्हनला?"

आमच्या विहिरीत सुरुंग लावून नुकतं पाणी लागलं होतं. कडेचा दगड सैल झालाय, तो पाडेपर्यंत कोणी उतरू नका, असं तो बजावून गेला होता. पण मी पारावर बोलून बसलो होतो, आज देवाची आंघोळ माझ्याच पाण्यानं. आणि नव्या पाण्याची पहिली घागर घरच्या बाईनं भरायची, ही आमची रीत.

"दोन दिस थांबा की. देव काय पळून चाललाय?"

"पारावर शबुद दिलाय म्या. बायकूच्या भ्यानं फिरला म्हनतील."

तिनं पदर खोचला. "झालं, राजा बोलला," म्हणाली आणि घागर उचलली.

विहिरीत उतरून घागर भरलीही तिनं. मग दगड सुटला.

चितेपाशी लोक म्हणाले, "दैव, बाबा." मी मान हलवली. ते ऐकून मला बरं वाटलं. याची लाज अजून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गेलो. सगळे उठून उभे राहिले.

"बसा," मी म्हणालो. "दैव न्हाई. सुरुंगवाल्यानं सांगितलं हुतं, तिनंबी सांगितलं हुतं. मी चुकलो."

जीभ काही झडली नाही माझी.