सहाव्या मजल्यावरचं पाणी

मीटरकाकांनी पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं मीटर वाचले. त्यांचं खरं नाव हजेरीबुकापुरतंच उरलं होतं. आकडा अंदाजाने टाकणं त्यांना जमायचंच नाही.

त्यांच्या हद्दीत, बाजारपेठेच्या मागे, घरांची एक अर्धवट इमारत होती. अकरा मजले, नुसते खांब आणि स्लॅब. भिंत एकही नाही. नगरपालिकेतला एक गट म्हणायचा, वरचे चार मजले बेकायदा आहेत. दुसरा म्हणायचा, नकाशा तुमच्याच सहीने मंजूर झाला. या भांडणात काम नऊ वर्षं ठप्प होतं. बांधकामासाठी दिलेला नळ तोडायचं मात्र राहून गेलं. त्याचा मीटर इतकी वर्षं एकाच आकड्यावर होता. एके महिन्यात तो पुढे सरकला.

"पाइप गळत असेल," साहेब म्हणाले.

काकांनी पाइप चाचपला. कोरडा ठणठणीत. मग भर दुपारी ते कठडा नसलेला जिना चढू लागले. पाचव्या मजल्यापर्यंत धूळ आणि कबुतरांची घाण. सहाव्यावर जमीन नुकतीच पुसलेली होती. खडूने खोल्या आखल्या होत्या.

"चपला बाहेर काढा," आवाज आला.

एक म्हातारी बाई फडकं पिळत उभी होती. काकांनी मुकाट्याने चपला काढल्या.

"हा आमचाच ब्लॉक. सहाशे तीन," ती म्हणाली. "जरा हळू बोला, हे आत झोपलेत."

तिने बोट दाखवलं तिथे खडूचा एक चौकोन होता. त्याच्या पलीकडे सरळ आकाश.

खाली आल्यावर काकांनी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "काकू ना? महिन्याभरापासून रोज दुपारी येतात. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली त्यांचे."

काकांनी अहवालात पाहिलं तेवढंच लिहिलं: सहाव्या मजल्यावर पाण्याचा घरगुती वापर. सभेत त्यावरून रणकंदन झालं. एक गट दुसऱ्याला म्हणाला, तुम्हीच माणसं घुसवलीत. शेवटी नळ तोडायचा ठराव झाला. नऊ वर्षांत एकमताने झालेला तो पहिलाच ठराव.

मीटर काकांनीच काढला. आठवड्याने काकूंची चौकशी करायला ते वर गेले. काकू नव्हत्या. जमीन मात्र ओली होती, अगदी कोपऱ्यापर्यंत. आसपास बादली नाही, फडकं नाही. खडूच्या चौकोनातून कुणीतरी खाकरलं. सकाळी उठल्यावर माणूस घसा साफ करतो ना, तसं.

काकांच्या तोंडून सवयीने निघालंच, "काकू बाहेर गेल्यात का?"

काका चपला हातात घेऊनच सहा मजले उतरले. घरी बायकोने विचारलं, "चेहरा का असा पांढराफटक?" ते म्हणाले, "जिने फार झाले."

चार दिवसांनी काकू बाजारात भेटल्या. पडद्याचं कापड बघत होत्या. "पाय मुरगळला होता हो, आठ दिवस घराबाहेर पडले नाही," त्या म्हणाल्या. मग सहज पुढे बोलल्या, "तुम्ही येऊन गेलात ना? हे म्हणाले मला."

पुढच्याच महिन्यात दोन्ही गटांनी मिळून इमारत पाडायचं ठरवलं. त्यासाठी पाणी खात्याचा दाखला हवा होता: इमारत रिकामी आहे. साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"एक सही, बस. नळसुद्धा नाही तिथे आता."

"नळ नाही," काका म्हणाले, "पण रिकामी आहे असं मी लिहिणार नाही."

"मग कोण राहतं तिथे?"

"ते मला सांगता येणार नाही, साहेब."

नोटीस आली, बढती गेली. काकांनी निवृत्त होईपर्यंत सही केली नाही. त्यांच्या जागी आलेली तरुण बाई दाखला द्यायला तयार होती. आधी एकदा बघून येते म्हणून ती दुपारी वर गेली. खाली आली तेव्हा चपला तिच्या हातात होत्या. कागद अजून तिच्या टेबलावर आहे, बिनसहीचा.