भोवत्याच्या मुक्कामाची जागा

आमच्या कामात पक्षी कमी दिसतात, किस्सेच जास्त साठतात. परभणी जिल्ह्यात भोवत्यासाठी योग्य जागांचा नकाशा करायचा होता. भोवत्या म्हणजे हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी. तो झाडावर झोपत नाही, माळावरच्या उंच गवतात लपून रात्र काढतो. नकाशा करणारे दोघंच: मी आणि पाटील सर. सरांना कुठेच चैन पडत नाही. चहा येईपर्यंत ते जीप वळवून ठेवतात.

*

उपग्रहाच्या फोटोवरून कॉम्प्युटरने पालमजवळचा एक माळ सर्वोत्तम ठरवला. सरांनी मला नाश्तासुद्धा करू दिला नाही. पोचलो तर चुन्याच्या रेघा आणि खुर्ची टाकून बसलेला एजंट! फोटो जुना निघाला.

"कॉर्नरचा प्लॉट दाखवू का, मॅडम? लय हवेशीर हाय."

*

सेलूकडे जीपीएस घेऊन बांधाबांधाने फिरलो. टपरीवर आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली, इथून हायवे जाणार म्हणून. एका काकांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, आज मोजू नका. उद्या डाळिंबं लावतो, परवा या."

फळझाडं असली की मोबदला वाढतो. मी पक्ष्याचं सांगत राहिले, ते समजूतदारपणे हसत राहिले.

*

जीव अडकला होता तो जिंतूरजवळच्या एका गायरानात. तिथे छातीएवढं गवत होतं आणि सोलर प्रकल्पाचा प्रस्तावही. मग गुरं चारायची कुठे, म्हणून सरपंचबाई हवालदिल. भोवते तिथे मुक्कामाला उतरताना दिसले, तरच ती जागा राखून ठेवा असं आम्हाला वरच्या साहेबांना सांगता येणार होतं. रोज संध्याकाळी पक्षी घिरट्या घालायचे आणि ते उतरायच्या आत सर गाडी सुरू करायचे. शेवटी एकदा मी किल्लीच काढून घेतली.

त्या संध्याकाळी एकामागून एक भोवते गवतात उतरले आणि दिसेनासे झाले. मला रडूच आलं. सरांनी तिथूनच सरपंचबाईंना फोन लावला. "पक्षी आहेत! परवा साहेब बघायला येतायत, तयारी ठेवा." पुढचं काही न बोलता फोन ठेवला, नेहमीसारखा.

ठरल्या दिवशी साहेबांना घेऊन गेलो. सगळा गाव विळे घेऊन घाम पुसत उभा होता. गायरान अंगणासारखं लख्ख झालं होतं. सरपंचबाई हसत पुढे आल्या.

"या साहेब. दोन दिवस आमी सगळे राबायलोय. पाखरं तुमाला नीट दिसावीत म्हणून लपायला काडी ठेवली न्हाई."