सात नंबरचा तुकडा

हिराआत्या गेली तेव्हा बुधवार होता, आणि मी तिला रविवारी भेटायला जाणार होते. तिच्या मुलाचा, दिनेशचा, फोन आला तेव्हा मी बेलापूरला ऑफिसात फायली लावत होते. तो एवढंच म्हणाला, "वने, आय गेली." मागे ट्रेलरचं इंजिन चालू होतं; न्हावा शेवा बंदराच्या रांगेत उभा असताना त्याला घरून कळलं होतं. मी फोन ठेवला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं कुणाला... मला तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती आठ वर्षं सांगायची राहिली होती. करंजाड्याच्या माझ्या घरून विचुंब्याला तिच्याकडे रिक्षाने जायला असा किती वेळ लागतो? मी शंभर वेळा गेले असेन. चहा प्यायले, ब्लाउज शिवून घेतले, आणि ती गोष्ट तशीच घेऊन परत आले.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. नवरा गेला तेव्हा दिनेश कडेवर होता. ती माहेरी परत आली आणि आमच्या ओटीच्या कोपऱ्यात पायमशीन टाकून बसली. शाळेत ती कधी गेली नाही. टेपवरचे, एसटीवरचे आकडे ओळखायची, अक्षरं नाही. पण आजूबाजूच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, तशा सोसायट्यांतल्या बायका फॉल लावायला, ब्लाउज शिवायला तिच्याकडे येऊ लागल्या. ती कामं ती उरकायची. जीव होता तो पिशव्यांत. भाजीची पिशवी, डब्याची पिशवी, बाळंतिणीला न्यायची पिशवी, प्रत्येकीचा आकार वेगळा, आणि सगळं डोक्यात. कापडाची सरळ बाजू ओळखू यावी म्हणून शिंपी खडूने खूण करतात. आत्या टिकली लावायची. तुकडा कापला की सरळ बाजूला लाल टिकली, आणि शिवून झाला की ती नखाने काढून मशीनच्या लाकडाला चिकटवायची, पुन्हा वापरायला. मशीनचं लाकूड त्यामुळे कायम गोवर उठल्यासारखं दिसायचं. नवरा गेल्यावर तिने कपाळाला टिकली लावली नाही, पण पाकीट दर महिन्याला घ्यायची. दुकानातली बाई एकदा खोचकपणे म्हणाली, "हिराबाय, टिकल्या लय संपतान तुमच्या." आत्या म्हणाली, "शिवाच्या कापराला लावतंय गो. कपालाला लावली अस्ती तं येवरं बोललीस नसतीस, मांगनं बोलली अस्तीस." त्या बाईने पुढे कधी विषय काढला नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, पनवेलातच, सेकंड क्लास, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. तो उगाच झाकून ठेवायची मला सवय नाही. बाबा लग्नाच्या मांडवातसुद्धा ओळख करून द्यायचे, "ही आमची वनी, विंग्रजी वाचते." त्यामुळे गल्लीत कुठलाही इंग्रजी कागद आला, की माझ्यापुढे यायचा. औषधाचं पाकीट, मिक्सरचं पुस्तक, जमिनीची नोटीस. सगळं मला कळत होतं असं नाही. पण 'कळत नाही' असं मी कधी म्हणाले नाही. जे लागेल ते सांगायचं, नाही लागलं त्यावरून पुढे जायचं. आतापर्यंत निभावलं होतं.

मला नोकरी लागली ते साल दोन हजार सहा. त्याच आठवड्यात नवीन पनवेलच्या एक गिऱ्हाईक बाई आत्याकडे आल्या. त्यांच्या परदेशातल्या मुलीने एक शिवणकामाचं मासिक पाठवलं होतं. त्यात एका पिशवीचा फोटो होता. खांद्याला लावायची, बाजूंना फुगीर, समोर तिरका खिसा, आत कप्पे. कागद वाकू नयेत अशी तळाशी ताठ. आत्या फोटो बघत राहिली. बाई म्हणाल्या, "छान आहे ना? पण राहू दे हिराबाई, खूप कॉम्प्लिकेटेड आहे ते, तुम्हाला नाही जमायचं." मनाने वाईट नव्हत्या त्या, सहज बोलल्या. आत्याने मासिक मांडीखाली सरकवलं आणि म्हणाली, "दोन दिस ठेवतंय."

त्या बाई गेल्यावर फोटोवर बोट ठेवून मला म्हणाली, "हापिसात काय भाजीची पिशवी झुलवत जाशील? ही घेऊन जा. अशी कुनाकरं नसंल."

मासिकाच्या मध्ये घडी घातलेला एक मोठा कागद होता. तो उघडला तर त्याने अख्खी ओटी व्यापली. त्यावर दहा-बारा कपड्यांचे आराखडे एकावर एक छापलेले. तुटक रेघा, ठिपक्यांच्या रेघा, जाड, बारीक, सगळ्या एकमेकींतून गेलेल्या. मला बघूनच गरगरलं. आत्या मात्र हसली. "ह्यो तं तलाठ्याकरचा नकाशा हाय. येकाच्या शेतान दुसऱ्याचा बांध." आणि तिने एका ठिपक्यांच्या रेघेवर बोट ठेवलं. "आपला बांध धरून चालाचा. दुसऱ्याच्या शेतान पाय टाकाचा नाय." दोन दिवसांत तिने एकोणीस तुकडे वर्तमानपत्रावर उतरवून काढले. एक चुकला नाही. माझं काम एवढंच, की प्रत्येक तुकड्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगायचं. मी खुर्चीवर, ती खाली. मी एक ओळ वाचायची, तिने विचारायचं, "आनि?" मी पुढची वाचायची. पुन्हा "आनि?" काही उरलं नाही असं मी म्हणेपर्यंत ती कात्रीला हात लावायची नाही.

सात नंबर हा बाजूचा तुकडा. त्याची एक कड सरळ, दुसरी होडीच्या कडेसारखी बाकदार. मी वाचलं, "सात नंबर, दोन कापायचे." पुढे कंसात बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. कागद कसा ठेवायचा त्याबद्दल काहीतरी. मी ती दोनदा वाचली, मला ती लागली नाही. बाबा शेजारी बसून ऐकत होते. दिनेश सुट्टीवर होता, तो दारात उभा होता.

"आनि?" आत्याने विचारलं.

"आणि काही नाही," मी म्हणाले.

आधी तिने मांजरपाटाची करून बघितली, कच्ची. ती इतकी सुरेख झाली की मी घरभर खांद्याला लावून फिरले. मांजरपाट दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. तुकडा कसाही फिरवला तरी बसतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मग खरं कापड आणलं. पनवेलच्या बाजारात बशीरभाईंचं सोफ्याच्या कापडाचं दुकान होतं. त्यांच्या भावाने स्वतःच्या घरासाठी आखातातून आणलेल्या कापडातला उरलेला तुकडा त्यांनी काढून दिला. गर्द हिरवं, जाड, वर तांबूस वेल विणलेली. उलट्या बाजूला नुसते सुटे दोरे, रंग विटल्यासारखा. बशीरभाई म्हणाले, "हिराबाई, इतनाच आहे हां. संपला की खतम, सोच के कापा." आत्या म्हणाली, "कापायच्या आदी इचार करतंय, म्हनून तं येवरी वर्सं कात्री चालली." घरी येऊन तिने वेल जुळवायची म्हणून, ब्लाउजला दुमडायची तसं न दुमडता, कापड सपाट पसरलं, कागद टाचले, दोन्ही सात नंबर शेजारी शेजारी एकाच अंगाने ठेवून कापले. टिकल्या लावल्या.

जोडायला घेतलं तेव्हा एक बाजू बसली आणि दुसरी बसेना. बाक मागे जायचा. पालथा केला की बाक जागेवर यायचा, पण सुटे दोरे वर यायचे. आत्याने तो तुकडा गुडघ्यावर ठेवला. फिरवला. परत फिरवला. मी कागदावरची ती कंसातली ओळ पुन्हा वाचली, आणि आता हिरवं कापड समोर असताना ती अगदी सोपी वाटली. दुसऱ्यांदा कापताना कागद पालथा ठेवा, एवढंच होतं. एक डावी, एक उजवी. चपलेसारखं. कापड एवढंसं उरलं होतं, त्यात सात नंबर मावत नव्हता.

ओटीवर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांतली एक म्हणाली, "काय झालं हो?"

आत्या म्हणाली, "माजाच हात चुकला."

मी तिथं होते. कागद माझ्या हातात होता. मी त्याची घडी घातली.

तिने तुकडे गोळा केले, फडक्यात बांधले, आणि मासिक बाईंना परत पाठवलं. सोमवारी मी बाजारातून आणलेली तयार बॅग घेऊन नोकरीला निघाले. आत्या ओटीवरच होती. तिने बॅग हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "चांगली हाय. चेन तेवरी बघ, लवकर जाईल." त्यानंतर तिने अवघड काम घेतलं नाही. कुणी नवीन काही दाखवलं की म्हणायची, "माजा हात आता चुकतं." फॉल, ब्लाउज, परकर. आठ वर्षं. पिशव्यासुद्धा हळूहळू बंद झाल्या. माझं लग्न झालं, मी करंजाड्याला गेले, ऑफिसात दोन जागा वर चढले, आणि दर वेळी तिच्या मशीनजवळ बसले की तो शब्द जिभेपर्यंत यायचा. एकदा म्हणालेही, "आत्या, ती पिशवी होती ना..." ती दोरा ओवत होती. "कंची पिशवी? चा घे, निवतंय." मी चहा घेतला.

तेरावं झाल्यावर दिनेश म्हणाला, "आयच्या मशीनचा तू काय त्ये बघ, मना त्यातला कलत नाय." मशीनखालच्या पत्र्याच्या पेटीत बटणं होती, बॉबिनी होत्या, टिकल्यांची तीन कोरी पाकिटं होती, आणि तळाशी ते फडकं. हिरव्या तुकड्यांवर टिकल्या अजून होत्या. वर्तमानपत्राचे तुकडेही होते, पिवळे पडलेले. कागदाचा सात नंबर उचलला तर वरच्या अंगाला लाल टिकली. पालथा केला... तर त्या अंगालाही टिकली. कागदाला ना सरळ बाजू ना उलटी. एरवी कागदाला तिने कधीच टिकली लावली नव्हती. बाकीचे अठरा पाहिले. एकावरही नव्हती. फक्त सात नंबर, दोन्ही अंगांना. एकदा असा कापायचा, एकदा तसा.

म्हणजे तिने शोधून काढलं होतं. कधी, ते कळायला मार्ग नाही. त्याच संध्याकाळी, की वर्षांनी? मी वाचलं नाही हे तिला कळलं होतं, की कागदावरच लिहिलेलं नसेल असं समजली? आणि कळलं होतं, तर मग 'माजा हात चुकतं' असं जगाला का सांगत राहिली? मी हे रोज उलटसुलट करते. एक उत्तर मिळतं, दुपारपर्यंत टिकतं, संध्याकाळी दुसरंच खरं वाटतं.

दिनेशला मी तिथंच सगळं सांगितलं. तो पेटीशेजारी बसून ऐकत होता. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे. तो म्हणाला, "मंग तवा का नाय बोललीस? आय परकरच शिवत बसली ना." मी टिकल्यांची पाकिटं परत पेटीत ठेवली. थोड्या वेळाने उठून त्याने मशीन माझ्या घरी पोचवायला टेम्पो बोलावला.

मला धड सरळ शिलाईसुद्धा येत नव्हती. चार रविवार गेले, सुया मोडल्या, बोटाला एक भोक पडलं. ते आखाती कापड आता कुठून मिळणार? बशीरभाईंचं दुकानही राहिलं नाही. म्हणून दुसरा सात नंबर मी उलटा लावला, सुटे दोरे बाहेर. पिशवी झाली. एका बाजूने वेल, दुसऱ्या बाजूने विटका हिरवा. तीच घेऊन मी ऑफिसला जाते. बायका विचारतात, "अगं, ही एक बाजू उलटी लागली का?" मी सांगते, कापणारीचा हात चुकला नाही, वाचणारीने वाचलं नाही, आणि वाचणारी मी. त्या ऐकतात, अरेरे म्हणतात, कामाला लागतात. "आनि?" असं कुणी विचारत नाही.

आत अस्तर लावायचं राहिलंय. कापलेलं आहे, टाचूनही ठेवलंय. पण त्या उलट्या तुकड्याची सरळ बाजू आता पिशवीच्या आत आहे, आणि तिथं आत्याने लावलेली टिकली तशीच आहे. किल्ली काढायला हात घातला की बोटाला लागते. अस्तर शिवलं की ती झाकली जाईल. मशीनवर बसते, पिशवी सुईपाशी ओढते, आणि परत खुंटीला लावून ठेवते.