आक्काच्या करंगळीचे बटण

साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणाऱ्याने व्यक्तिचित्र लिहू धजावे, हे धारिष्ट्यच. वाचकांनी क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांनी ती केली नसती. क्षमा हा प्रकार त्यांच्या दुकानात मिळत नसे.

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका बोळात त्यांचे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे दुकान होते. शेकडो खण, एकावरही चिठ्ठी नाही. म्हणून आम्ही गिऱ्हाइके त्यांना ‘खणवाले’ म्हणत असू. ‘काय हवंय’ असे ते विचारत नसत. ‘कशाला हवंय’ हाच प्रश्न, आणि उत्तर पटले नाही तर खण उघडत नसे. खराडीच्या आयटी कंपन्यांकडून आलेला एक तरुण म्हणाला, “अंकल, प्रोजेक्टसाठी.” खणवाले म्हणाले, “कसला ते घरी ठरवा. इथे जागा कमी आहे.”

मी निवृत्त शिक्षक, हौसेने सोल्डरिंग शिकलेला. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माझ्या थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी, बोलावण्याची घंटा बनवत होतो. तिच्या हातांत हलत होती ती एक करंगळी. ऑनलाइन ‘सॉफ्ट’ म्हणून मागवलेली बटणे तिच्याने दबेनात. शेवटी कंटाळून तिने डोळे मिटून घेतले.

“अगदी हलके दाबले जाणारे बटण आहे का?” मी चाचरत विचारले.

“हलके म्हणजे? फुंकरीनं?”

मी हकीगत सांगितली. त्यांनी एक बटण पुढे सरकवले. मी ते अंगठ्याने दाबून म्हणालो, “हे छान आहे.”

“अहो मास्तर, स्वतःच्या अंगठ्यानं बहिणीची ताकद मोजताय? पेपरही असेच तपासलेत का?”

इतका अपमान माझा मुख्याध्यापकांनीही केला नव्हता. मग निरनिराळ्या खणांतली बारा बटणे त्यांनी पुडीत बांधली. “त्यांना दाबू द्या. दबेल ते ठेवा, बाकीची परत आणा. तुमचं मत आणू नका.”

आठवे बटण दबले. आक्काने ते पुन्हा दाबले, मग पुन्हा. त्या दिवसापासून ती चहासाठी, पंख्यासाठी आणि निष्कारणही घंटा वाजवते.

उरलेली परत द्यायला गेलो, तर शटर खाली. शेजारचे शिंपी म्हणाले, “गेले ते, मागच्या आठवड्यात. तुमच्यासारखे तिघे येऊन गेले, पुड्या घेऊन.”

माणूस उद्धट होता. मरणाने त्यात काही सुधारणा झाली असे मी मानत नाही. पण अकरा बटणे माझ्याकडे पडून आहेत. आपल्या घरी कुणाच्या बोटाला हवी आहेत का?