आधी आवळायचं, मग सोडायचं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा प्लंबर, आणि मी फरशा बसवतो. त्यामुळे आम्ही बहुतेक एकाच घरी कामाला असायचो आणि जास्त तोडफोड कोणी केली यावरून एकमेकांची उणीदुणी काढायचो. भाऊजी तोंडाचे फटकळ, पण हात असा की गंजून दगड झालेला नटही त्यांच्यापुढे नमतं घ्यायचा.

अडलेला नट ते कधी सरळ सोडायला जात नसत. पाना लावून आधी तो केसभर आणखी आवळायचे. आत गंज तडकल्याचा बारीक आवाज आला की मगच उलटा फिरवायचे. "रुसलेल्याला आधी थोडं त्याच्या मनासारखं करू द्यायचं," म्हणायचे. "तुझ्या ताईवर शिकलोय हे." ताईसमोर हे बोलायची मात्र छाती नव्हती.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या एका बाईंकडे सिंकखालचा कॉक बदलायचा होता. मी शेजारीच फरशी कापत होतो. भाऊजी ओट्याखाली आडवे झाले आणि त्यांनी आवळलं. कर्र झालं. सुटला, मी मनात म्हटलं. त्यांनी पुन्हा आवळलं.

मी गप्प बसलो, हेच चुकलं. दुसरा कोणी असता तर पहिल्याच पिळाला ओरडलो असतो. पण भाऊजींचं आवळणं म्हणजे सुटण्याची सुरुवात, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. तिसऱ्यांदा आवळलं, चौथ्यांदा आवळलं, तेव्हा मी हातातली फरशी खाली ठेवली.

"भाऊजी, किती आवळताय? उलटा फिरवा ना."

"उलटाच फिरवतोय," ते शांतपणे म्हणाले.

एरवी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

भिंतीच्या आत काडकन आवाज झाला आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या तोंडावर आला. मी न्हाणीघरातल्या मुख्य कॉककडे धावलो. तो बंद केलाय, असं त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. तो सताड उघडा होता. मी तो फिरवून बंद केला.

पाणी खाली झिरपेल, हे बाई खालच्या मजल्यावर सांगायला गेल्या. भाऊजी पाण्यातच बसले होते. त्यांनी पाना माझ्यापुढे धरला.

"एकदा दाखव रे. सुटतं कुठल्या बाजूला?"

मी त्यांचं मनगट धरून डावीकडे वळवलं. "असं."

"असं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने परत विचारलं, "कुठल्या बाजूला?"

त्या हातांवर हा माणूस उभा होता. उद्या एका घरी गिझर जोडायचा होता, आणि माझ्या डोळ्यांपुढून तो गिझर हलेना.

जिना उतरताना मी विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होत आलं. ताईला सांगू नकोस. ती काही विचारते आणि मला उमजतच नाही. मग मी कानामागे हात धरतो. तिला वाटतं, मला कमी ऐकू येतं."

त्यांना घरी घेऊन गेलो, तेव्हा ताईने दार उघडलं. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "दमलात का हो?"

भाऊजींनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"दमलेत," मी म्हणालो.